अजगराचे प्रश्न

आपल्या समाजांतील जुन्या घराण्यांत एक वाक्य मोठ्या कौतुकानें उच्चारलेलें ऐकूं येतें : "आमच्या घराण्यांत रागच आहे." बोलणाऱ्याच्या स्वरांत खेद क्वचितच असतो. आजोबा म्हणजे जमदग्नीचा अवतार होते; त्यांच्या खडावांचा आवाज कानीं पडतांच माजघरांतील बायका उठून उभ्या राहत; काकांनीं एकदां आमटींत मीठ अधिक पडलें म्हणून ताटच भिरकावून दिलें; अशा हकीकती लग्नकार्यांत चार माणसें जमलीं म्हणजे रंगवून सांगितल्या जातात आणि ऐकणारे हंसतात. ज्या गृहिणीनें तें सांडलेलें अन्न पुसून काढलें आणि निमूटपणें दुसरें पान वाढलें, तिची हकीकत मात्र कोणी सांगत नाहीं. रागाला आपण जणूं वडिलोपार्जित इस्टेटीचा मान दिला आहे. घर, शेतवाडी, देवघरांतील टांक यांच्याबरोबर तोहि बापाकडून मुलाकडे येतो, आणि या एका वारशाचा त्याग करावा असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

मनुष्याच्या ठिकाणीं वसणाऱ्या या पशूविषयीं आपल्या पुराणकथांत पुष्कळ विचार आलेला आहे. परंतु तो पशु पूर्वजांकडून आलेला असतो, आणि त्याच्या विळख्यांतून वंशजाची व पूर्वजाची सुटका एकाच वेळीं होऊं शकते, ही गोष्ट ज्या कथेंत सांगितली आहे ती म्हणजे महाभारतांतील नहुष राजाची कथा. तिचा पूर्वार्ध, म्हणजे नहुषाचें चढणें व पडणें, उद्योगपर्वांत शल्यानें युधिष्ठिराला सविस्तर सांगितला आहे. उत्तरार्ध, म्हणजे त्याची सुटका, त्याच्या आधींच वनपर्वांत येऊन गेलेला आहे. पूर्वार्ध कीर्तनकारांच्या मुखानें सर्वांच्या परिचयाचा झाला. उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाहीं; आणि माझ्या अल्प मतीप्रमाणें कथेचा सगळा प्राण त्यांतच आहे.

वृत्राच्या वधानंतर इंद्राला पातकाच्या भयानें ग्रासलें आणि तो पाण्यांत कमळाच्या देंठामध्यें लपून बसला. स्वर्गांत अराजक माजलें. तेव्हां देव आणि ऋषि मिळून पृथ्वीवरील नहुष राजाकडे आले. सोम, बुध, पुरूरवा, आयु आणि नहुष, अशी ही चंद्रवंशांतील पांचवी पिढी. राजा धर्मशील म्हणून विख्यात होता. इंद्रपद स्वीकारण्याची विनंति ऐकून त्यानें प्रथम जें सांगितलें तें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. मी दुर्बल आहें, तुमचें रक्षण करण्याचें बळ माझ्या अंगीं नाहीं, अशी त्यानें प्रांजळ कबुली दिली. त्यावर देवांनीं त्याला वर दिला कीं, जो जो तुझ्या दृष्टीसमोर येईल त्याचें तेज तुला प्राप्त होईल आणि तूं बलवान होशील.

नहुषाच्या अधःपाताचें बीज या वरांत आहे. समोर येणारा प्रत्येकजण आपोआप निस्तेज व्हावा, असें सामर्थ्य ज्याच्या हातीं आलें त्याला विरोध कोण करणार? आणि ज्याला कोणीच विरोध करीत नाहीं, त्याला स्वतःचें तोंड दाखविणारा आरसाहि उरत नाहीं. हा वर केवळ नहुषालाच मिळाला होता असें समजण्याचें कारण नाहीं. घरांतील कर्ता पुरुष संध्याकाळीं दारांत पाऊल टाकतो आणि आंतील हंसणें एकदम थांबतें, मुलें पुस्तकें पुढें ओढतात, पत्नी त्याच्या मुद्रेकडे पाहून आज बोलावें कीं न बोलावें याचा अंदाज घेते. तेव्हां त्याच्याहि दृष्टीनें इतरांचें तेज हरण केलेलें असतें. कचेरींतील अधिकाऱ्याला, वर्गांतील शिक्षकाला, सुनेसमोर बसलेल्या सासूला तो वर थोड्याफार प्रमाणांत लाभलेला असतो. ज्याला तो लाभला त्याला बहुधा तें ठाऊकहि नसतें. लोक आपल्याला मान देतात, एवढेंच त्याला वाटतें.

पुढची कथा प्रसिद्धच आहे. नंदनवनांत विहार करणाऱ्या नहुषाची दृष्टि इंद्रपत्नी शचीवर गेली. इंद्राचें आसन मला मिळालें, मग इंद्राणी माझ्या सेवेला कां येऊं नये, असा त्याचा युक्तिवाद होता. वासना एकदां मनांत शिरली कीं बुद्धि तिची वकिली कशी करूं लागते, याचा हा उत्तम नमुना आहे. बृहस्पतीनें शचीला आश्रय दिला. तिनें कांहीं काळाची मुदत मागून घेतली, लपलेल्या पतीचा शोध लावला, आणि त्याच्या सल्ल्यावरून नहुषाला निरोप दिला कीं, कोणत्याहि देवाला आजवर मिळालें नाहीं असें वाहन तुला असावें. ऋषींनीं वाहिलेल्या पालखींत बसून तूं माझ्याकडे ये. नहुषाला या कल्पनेचा हर्षच झाला. ऋषींनीं पालखी खांद्यावर घेतली. वाटेंत त्यांचा व नहुषाचा वेदमंत्रांच्या प्रामाण्यावरून वाद झाला आणि नहुषाचा पाय अगस्त्याच्या मस्तकाला लागला, असें उद्योगपर्व म्हणतें. कीर्तनांतून ऐकूं येणाऱ्या कथेंत पालखी हळू चालते म्हणून तो लाथ मारून "सर्प, सर्प" असें ओरडतो, असें आहे. संस्कृतांत या शब्दाचा अर्थ चल, सरक असा होतो. ऋषीनें तोच शब्द उचलून त्याला सर्प होण्याचा शाप दिला. जो शब्द त्यानें दुसऱ्यावर फेंकला तेंच त्याचें स्वरूप झालें.

येथें एक विरोध पाहण्यासारखा आहे. आपल्या दैवतांजवळ पशु आहेतच. गणपतीजवळ उंदीर आहे, कार्तिकेयाजवळ मोर आहे, देवीजवळ सिंह आहे. शंकराच्या तर गळ्यांतच नाग आहे. यांपैकीं कोणीहि आपला पशु मारून टाकलेला नाहीं. त्याला वाहन केलें आहे किंवा अंगावर योग्य जागा दिली आहे. कठोपनिषदांतील रथाच्या रूपकांतहि इंद्रियरूपी घोडे सोडून द्यावयाचे नाहींत. मनाचे लगाम बुद्धिरूपी सारथ्याच्या हातीं असावे, एवढेंच सांगितलें आहे. भूक, भय, काम, क्रोध हीं निसर्गानें देहाबरोबर दिलेलीं आहेत आणि त्यांच्यावांचून देह चालावयाचा नाहीं. देवांनीं पशूंना वाहन केलें. नहुषानें मनुष्यांना, आणि तेहि ऋषींना, वाहन केलें. पशु खालीं असावयाचा तो पालखींत बसला. मग बाहेरचें रूपहि आंतल्यासारखें होण्यास कितीसा वेळ लागणार?

आतां उत्तरार्धाकडे वळूं. हिमालयांतून परत येत असतां पांडव अरण्यांत राहिले होते. भीम मृगयेसाठीं हिंडत असतां एका गुहेजवळ प्रचंड अजगरानें त्याला विळखा घातला. दहा हजार हत्तींचें बळ ज्याच्या बाहूंत होतें असें म्हणतात, त्या भीमाला हातहि हलवितां येईना. तूं कोण आहेस, असें त्यानें विचारल्यावर अजगरानें सांगितलें कीं, मी तुमच्या पूर्वजांचाहि पूर्वज, आयूचा पुत्र नहुष. तूं माझा वंशज आहेस, तुझा वध मीं करूं नये, हें मला कळतें. तरीहि आज मी तुला खाणार, दैवाची ही गति पाहा!

या उत्तराजवळ प्रत्येक वाचकानें क्षणभर थांबावें. समोरचें माणूस आपलें आहे हें अजगराला ठाऊक आहे, आणि तरीहि त्याचा विळखा सुटत नाहीं. घरांतल्या रागाचें याहून यथार्थ वर्णन मला कोठें आढळलें नाहीं. परक्यावर आपण सहसा रागावत नाहीं. तेथें लोकलज्जा आड येते. राग निघतो तो बायकोवर, मुलांवर, म्हाताऱ्या आईवर, हाताखालच्या माणसावर. आणि तो निघत असतांना हीं आपलींच माणसें आहेत हें आपल्याला पूर्णपणें ठाऊक असतें.

दुसरी गोष्ट भीमाची. बळानें हा विळखा सुटत नाहीं, हें व्यासांनीं सर्वांत बलवान पात्र निवडून दाखविलें. "उद्यांपासून रागावणार नाहीं" अशी प्रतिज्ञा आपण कितीदां तरी करतों. वर्षप्रतिपदेला करतों, वाढदिवसाला करतों, आणि चौथ्या दिवशीं चहा थंड मिळाला कीं ती मोडते. हा भीमाचा उपाय आहे. दांतओठ खाऊन राग दाबणारा मनुष्य विळख्यांत धडपडणाऱ्या भीमासारखा असतो. त्याच्या धडपडीनें विळखा ढिला होत नाहीं.

भीमाला परतण्यास उशीर झाला. अपशकुन दिसूं लागले, तेव्हां युधिष्ठिर धौम्याला बरोबर घेऊन त्याच्या पावलांच्या मागावर निघाला आणि त्या गुहेपाशीं पोंचला. त्यानें शस्त्र उगारलें नाहीं. तूं कोण आहेस आणि याला कां धरलें आहेस, असें त्यानें विचारलें. अजगरानें अट घातली : माझ्या प्रश्नांचीं उत्तरें दे, म्हणजे तुझ्या भावाला सोडतों. शाप मिळाला तेव्हां नहुषानें क्षमेची याचना केली होती, आणि तुझ्या प्रश्नांचीं विवेकानें उत्तरें देणारा तुला मुक्त करील असा उःशाप त्याला मिळाला होता. शिवाय, देह सर्पाचा झाला तरी पूर्वीची स्मृति त्याला सोडून गेली नव्हती. आपण कोण होतों आणि कशानें येथवर आलों, हें त्याला आठवत होतें. आत्मपरीक्षण म्हणून आपण ज्याला म्हणतों, त्याचें मूळ भांडवल ही स्मृति होय. ज्याला सकाळचा राग संध्याकाळीं आठवत नाहीं, त्याच्या सुटकेला आरंभहि होत नाहीं.

आणि त्या अजगरानें पहिलाच प्रश्न विचारला तो असा : ब्राह्मण कोण?

युधिष्ठिर म्हणाला, सत्य, दान, क्षमा, शील, अक्रौर्य, तप आणि दया हीं ज्याच्या ठिकाणीं दिसतात तो ब्राह्मण. अजगरानें आक्षेप घेतला कीं, हे गुण शूद्राच्या ठिकाणींहि आढळतात. युधिष्ठिरानें तत्काळ उत्तर दिलें कीं, ज्या शूद्राच्या ठिकाणीं हे गुण आहेत तो शूद्र नव्हे, आणि ज्या ब्राह्मणाच्या ठिकाणीं ते नाहींत तो ब्राह्मण नव्हे. मग जन्माची महती काय राहिली, असें विचारतां, मनुष्यांमध्यें जातीची परीक्षा करणें दुर्घट आहे, म्हणून शील हेंच मुख्य मानावें, असें तो म्हणाला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेऊन १९६६ सालीं पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींतहि हा संवाद कायम आहे. कोणा अलीकडच्या सुधारकानें तो घुसडून दिलेला नाहीं.

हाच प्रश्न अजगरानें कां विचारला असेल? ज्या पापानें तो पडला त्या पापाचा हा प्रश्न आहे. उच्च स्थान मिळाल्यावर, पालखी वाहणाऱ्याच्या मस्तकाला पाय लावण्याचा अधिकार आपल्याला आहे असें त्याला वाटलें. उच्चता कशांत असते, हें त्याला त्या वेळीं कळलें नव्हतें. सर्पाच्या जन्मांत तो तेंच पुनःपुन्हां घोळवीत बसला होता. माझ्यासारख्या जन्मानें ब्राह्मण म्हणविणाऱ्याला हा प्रश्न किती जड जातो, याचा अनुभव मला कांहीं वर्षांपूर्वीं माझ्याच घरीं आला.

पितृपक्षांत वडिलांचें श्राद्ध होतें. स्वयंपाक मागें पडला होता, निमंत्रित ब्राह्मण येण्याची वेळ झाली होती, मी सोंवळें नेसून उपाशीपोटीं येरझारा घालीत होतों. आमच्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या मावशी त्या दिवशीं उशिरा आल्या. बस चुकल्याचें त्यांनीं सांगितलें, तें पुरतें ऐकून न घेतां, उजवा हात झटकून मी ओरडलों, "पाय उचला जरा! पाय मोडले आहेत का?" त्या कांहीं बोलल्या नाहींत. भांडीं घासून झाल्यावर पत्नीला म्हणाल्या, "वहिनी, आज गडबड आहे, पंगत उठेपर्यंत थांबतें मी." आणि त्या थांबल्या.

पुढच्या रविवारीं मावशींची लहानगी नात त्यांच्याबरोबर आली होती. माझा सात वर्षांचा नातू झोपाळ्यावर बसला होता आणि ती त्याला झोका देत होती. मी आंतल्या खोलींत वाचीत असतां कानीं शब्द आले, "पाय उचल जरा! पाय मोडलेत का?" मीं बाहेर डोकावून पाहिलें. शब्द माझे होते, स्वर माझा होता, आणि हात झटकण्याची ती लकब माझ्या वडिलांची होती. लहानपणीं त्या झटकलेल्या हाताला मी किती भीत असें, तें मला त्या क्षणीं आठवलें. ज्यांचें श्राद्ध मीं चार दिवसांपूर्वीं यथासांग केलें, ते वडील, मी आणि झोपाळ्यावरचा तो मुलगा अशा तीन पिढ्यांभोंवतीं एकच विळखा होता.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. युधिष्ठिराची यादी मीं मनाशीं लावून पाहिली. श्राद्धाच्या दिवशीं खरें कारण सांगितलें तें मावशींनीं. अपमान सोसून क्षमा केली ती मावशींनीं. न मागतां वेळ आणि श्रम दिले ते मावशींनीं. मंत्र मीं म्हटले होते, सोंवळें मीं नेसलें होतें. परंतु त्या दिवशीं माझ्या घरांत ब्राह्मण कोण होतें, या प्रश्नाचें खरें उत्तर माझ्या बाजूचें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं नातवाच्या देखत मीं मावशींना म्हटलें, "त्या दिवशीं मी तुम्हांला बोललों तें चुकलें." असें पूर्वीं कोणाला कधीं म्हटलेलें नसल्यामुळें हें एवढें वाक्यहि नीट येईना. त्या गोंधळल्या. "असूं द्या काका," त्या म्हणाल्या, मग पदराला हात पुसत हळूच म्हणाल्या, "मनावर घेऊं नये म्हणतात, पण रात्रीं आठवतं खरं." नातू कांहीं बोलला नाहीं. तो ऐकत होता, एवढें मला पुरेसें होतें.

कथेचा शेवट सांगावयाचा राहिला. अजगराचें समाधान झाल्यावर युधिष्ठिरानेंहि त्याला प्रश्न विचारले आणि अजगरानें उत्तम उत्तरें दिलीं. काम, क्रोध, हिंसा आणि लोभ यांच्या आहारीं गेलेला मनुष्य मनुष्यत्वापासून ढळून पशुयोनींत पडतो, हें त्यानेंच सांगितलें. तूं इतका ज्ञानी, मग तुला मोह कसा पडला, असें युधिष्ठिरानें विचारतां तो म्हणाला कीं, ऐश्वर्य शहाण्यालाहि भुलवितें. मी त्या मदानें पडलों, आतां स्वतः जागा झालों आहें आणि तुलाहि जागें करीत आहें. इतकें बोलून त्यानें भीमाला सोडलें, सर्पदेह टाकला आणि तो स्वर्गाला गेला. भीमाच्या अंगाला इजा झाली नव्हती.

पूर्वजाचा उद्धार येथें वंशजानें केला; आणि तो पिंडानें किंवा तर्पणानें झाला नाहीं, प्रश्नाला दिलेल्या खऱ्या उत्तरानें झाला. नहुषाचा पुत्र ययाति, ज्यानें विषयसुखासाठीं पूरूचें तारुण्य मागून घेतलें, तोहि पुढें आत्मस्तुतीच्या दोषानें स्वर्गांतून पडला, आणि त्यालाहि त्याच्या मुलीच्या मुलांनींच सांवरलें. बापलेकांच्या दोन्ही कथांत महाभारतकारांनीं हें एकच सुचविलें असावें असें मला वाटतें : मागच्यांचा दोष पुढच्यांकडे येतो, परंतु त्याची गांठ सोडविण्याचा अधिकारहि पुढच्यांकडेच येतो. आपल्या वडिलांचा राग आपल्यापाशीं थांबला, तर त्यांचें याहून मोठें श्राद्ध तें कोणतें?

तेव्हांपासून रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं मी स्वतःला तीन प्रश्न विचारीत असतों. आज माझी पालखी कोणीं वाहिली? वाहतांना त्याला माझा पाय लागला काय? लागला असेल तर उद्यां त्याला काय सांगावयाचें? पहिल्या प्रश्नाचेंच उत्तर इतकें लांबतें कीं राग पुष्कळदां तेथेंच विरून जातो. कारण दूध घालणाऱ्यापासून उष्टीं काढणाऱ्या सुनेपर्यंत दिवसभर कितीजणांच्या खांद्यांवर आपण बसलेले असतों, याचा हिशोब प्रथमच डोळ्यांपुढें येतो.

राग गेला, असें मी म्हणत नाहीं. हात अजून झटकला जातो. परंतु गेल्या पितृपक्षांत पुन्हां उशीर झाला, माझा हात वर उठला, आणि मधल्या खोलींतून नातवानें माझ्याकडे पाहिलें. तो हात मीं तसाच खालीं आणला आणि पाटपाणी मांडावयास घेतलें.